बरणीतलं ओलं मीठ

जनू,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी दोनदा खूण केली, तरी जागची हलले नाही. लोकांना वाटलं, बाईंना दुःख अनावर झालंय. दुःख होतंच, पण तोंड उघडलं असतं तर आधी शिवी बाहेर पडली असती, आणि तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर ते बरं दिसलं नसतं. पंचवीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून काढल्यावर माझ्यापाशी तुझ्यासाठी सगळ्यात जास्त काय उरलं असेल तर तो राग. म्हणून लिहून काढते आहे. इथे कुणी माझ्या हातातून माईक काढून घेणार नाही.

सभेत जे जे बोलले ते ऐकून तू हसला असतास. तू मितभाषी होतास म्हणे. एका चुकीच्या लेबलावरून तू माझ्याशी दोन महिने बोलला नव्हतास, ते दोन महिने यांनी मितभाषीपणात धरलेले दिसतात. मग कुणीतरी म्हणालं, सर विज्ञानासाठी जगले. तेव्हा मात्र मी उठून बाहेर गेले. विज्ञानासाठी जगणारा माणूस अंगात साखर असताना, कालवाच्या शिंपल्याने चिरलेल्या पायावर स्वतःच्याच प्रयोगशाळेतलं औषध लावत पाच दिवस घरी बसत नाही. असं कोणी केलं तर त्याला मूर्ख म्हणतात. तू मूर्ख होतास, जनू. आणि तू एकटाच नव्हतास, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

हे सगळं तुझ्या वडिलांच्या पायापासून सुरू झालं. एम.एस्सी.ला असताना तू मला पहिल्यांदा उरणकडच्या तुमच्या मिठागरावर नेलंस, तेव्हा ते कुबडी घेऊन बांधावर बसले होते. मिठागरात अनवाणी उभं राहायचं, पायाला चीर पडायची, आणि खारट पाण्यात ती मिटायचीच नाही. त्यांची एक जखम आख्खा मोसम चिघळली, मग आधी बोटं गेली, मग पाऊल. मी नागावच्या वाडीत सुपारीच्या सावलीत वाढलेली. मला तोवर मीठ म्हणजे बरणीतलं मीठ, एवढंच ठाऊक होतं. येताना करंज्याहून रेवसला लाँचमध्ये बसलो, तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “सगली औषधं कोरड्यात बसून शोधतान, बाई. मना मिठात चालनारं पायजे.” तू मला तेव्हापासून बाई म्हणायला लागलास. नंतर सगळं कॉलेज मॅडम म्हणायला लागलं तरी तू बदलला नाहीस.

मिठात चालणारं औषध तू शोधलंस कुठे, तर निवटीच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात. आयुष्यभर चिखलात लोळणारा तो मासा. तुझी आई त्याचं कालवण करायची, आणि तू लहानपणापासून बघत आलेलास की खाडीत खरचटलेली निवटी सडत नाही, बरी होते. त्या थरातून आपण एक छोटं पेप्टाइड वेगळं केलं. वीसेक अमिनो आम्लांची माळ, बस. पुढची सगळी वर्षं त्या माळेतला एखादा मणी बदलायचा, नवी माळ बनवून मागवायची आणि ती जिवाणूची भिंत फोडते का ते बघायचं, यात गेली.

ती भिंत समजावून सांगायला तुला फळा लागायचा नाही. पोरापोरींना दोन रांगांत पाठीला पाठ लावून उभं करायचास. तोंडं बाहेर पाण्याकडे, पाठी आत. एकेक पोर म्हणजे लिपिडचा, स्निग्धाचा, एक रेणू. लिपिडचं डोकं पाण्यासाठी हपापलेलं आणि शेपट्या पाण्याला भिणाऱ्या, म्हणून पाण्यात पडले की ते आपसूकच असे उभे राहतात, गवंडी लागत नाही. झालं पेशीचं पटल. मग एखाद्या दांडगट पोराला पेप्टाइड करायचास. जिवाणूच्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला ऋणभार असतो, आपल्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला जवळपास नसतोच; पेप्टाइडवर धनभार. म्हणून ते आपल्याला सोडून जिवाणूकडे ओढलं जातं, त्याच्या पटलावर आडवं पडतं, मळसूत्रासारखं वळतं आणि आपली तेलकट बाजू आत खुपसतं. अशी पुष्कळ घुसली की भिंत फुटते. पोरं धक्काबुक्की करून रांग मोडायची आणि शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. शेवटी तू उरलेल्या सगळ्यांना त्या पोराभोवती आणि रांगेभोवती गर्दी करायला सांगायचास. ही गर्दी म्हणजे मीठ. मिठाचे भार दोघांच्याही भोवती दाटतात, आणि पेप्टाइडला समोरची भिंत जाणवतच नाही. साध्या पाण्यात शेर असलेलं औषध रक्ताइतक्या खारट पाण्यात शेळी होतं. आपल्या प्रत्येक माळेचं हेच झालं. लिपिडचे सूक्ष्म फुगे करायचे, त्यात रंग कोंडायचा. दाटीत तो रंग चमकत नाही, फुगा फुटून बाहेर सांडला की चमकतो, आणि यंत्रावरची रेघ चढते. मीठ घातलं की आपली रेघ वर्षानुवर्षं आडवी.

आणि या पावसाळ्यात ती चढली.

प्रयोगशाळेतल्या मिठाची बाटली संपली होती. नवी मागवून महिना झाला तरी ऑफिसातून कागद हलत नव्हता. तू एक दिवस घरून काचेची बरणी घेऊन आलास. तुमच्या मिठागराचं मीठ. कंटेनर ठेवायच्या जागेसाठी आजूबाजूच्या आगरांवर भराव पडला होता, तुझ्या भावाने, दामूदादांनी, हट्टाने मीठ पिकवायची शेवटची चार कोंडी चालू ठेवली होती, त्यातलं हे मीठ. मी म्हटलं, अरे, शुद्ध नाही ते. तू म्हणालास, विरघळवून गाळून घेऊ, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच पायासाठी काम करतोय तर ते मीठ चालायला काय हरकत आहे. मला हसू आलं. मी बरणीत चमचा घातला, वजन केलं आणि वहीत लिहिलं. वजन मी केलं, जनू. वहीत अक्षर माझं आहे.

रेघ चढली. पेप्टाइड न घातलेले फुगे शाबूत, पेप्टाइड घातलेले फुटलेले. शंकेला जागाच नव्हती. तू खुर्चीतून उठलास आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास. मग बाहेर जाऊन सगळ्या स्टाफसाठी जिलेबी घेऊन आलास आणि आपल्या वाट्याची शिपायाला दिलीस, कारण साखर. तेवढं तुला त्या दिवशी आठवलं.

गणपती झाल्यावर नवी बाटली आली. पेपर पाठवण्याआधी एकदा पुन्हा करून बघावं म्हणून मी एकटीनेच प्रयोग लावला. रेघ आडवी. तीनदा लावला, तीनदा आडवी. तेव्हा मी कपाटातून तुझी बरणी काढली आणि पहिल्यांदा नीट बघितली. तळाशी पाणी साचलं होतं. चमचाभर मीठ ओव्हनमध्ये सुकवलं, पुन्हा वजन केलं, तर तिसरा हिस्सा उडून गेलेला. आपण रक्ताइतकं खारट म्हणून जे वापरलं ते त्याहून पुष्कळ अळणी होतं. आपलं पेप्टाइड मिठात चाललंच नव्हतं. त्याला पुरेसं मीठ मिळालंच नव्हतं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे तुमच्या गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. मृगाच्या आधी दामूदादा मिठाच्या राशी पेंढ्याने झाकतात ते कशासाठी? माझी आईसुद्धा मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची. आणि आपण दोघं, एक मिठागरातला आणि एक नावापुढे पीएच.डी. लावणारी, भर आषाढात ओलं मीठ तोलून मोकळे झालो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुझं त्या मिठावर प्रेम होतं, म्हणून तू बघितलं नाहीस. माझं काय कारण होतं?

तुला सांगितलं नाही, त्याची मात्र माझ्याकडे भरपूर कारणं होती. दसऱ्याला गावात तुझा सत्कार ठरला होता. मिठागरातल्या माणसांच्या पायांसाठी तू केलेलं काम म्हणून गावाने बॅनरसुद्धा लावला होता. तुझ्या बायकोने, रंजनावहिनींनी, मला स्वतः फोन करून जेवायला बोलावलं. म्हटलं, सत्कार होऊ दे. सत्कारात तू शाल अंगावर घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास की या औषधाच्या प्रयोगात आपल्या आगराचं मीठ आहे, आणि समोर बसलेली म्हातारी माणसं रडली. त्यानंतर कसं सांगायचं? म्हटलं, पेपर दिवाळीनंतर जायचाय, वेळ आहे. तू पुन्हा दोन महिने बोलणार नाहीस याची भीतीही होती. आणि सगळ्यात वाईट कारण सांगते. वजन माझ्या हातचं होतं, आणि ते आपणहून कबूल करायची मला घाई नव्हती.

चार दिवसांनी तुझा फोन आला. निवट्या धरायला खाडीत उतरला होतास आणि कालवावर पाय पडला होता. टाके घालून घेतलेस का, मी विचारलं.

“टाके कशाला? आपलं औषध हाय ना.”

मी हसले. मला वाटलं, तू थट्टा करतोयस. डॉक्टरकडे जा, असं म्हटलं मी, जसं आपण कुणालाही म्हणतो तसं. तू हो म्हणालास, जसं आपण कुणालाही म्हणतो तसं. आणि आपण परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या ड्यूट्यांबद्दल बोललो. मीठ ओलं होतं, जनू, रेघ खोटी आहे. एवढंच वाक्य होतं. दहा सेकंदही लागली नसती.

पण थांब, सगळं माझ्यावर घेऊन तुला मोकळा सोडणार नाही मी. रेघ खरी असती तरी तुला तो अधिकार नव्हता. प्रयोगशाळेतलं काहीही अंगाला लावायचं नाही, ही पाटी तुझ्या हाताने लिहिलेली आहे. फुगा म्हणजे जिवाणू नव्हे आणि जिवाणू मेला म्हणजे जखम भरली नव्हे, हे पंचवीस वर्षं कोण बोंबलत होतं? एका पोरीने परीक्षेत फुग्यांवरून थेट रुग्णावर उडी मारली तेव्हा तू तिला शून्य दिलंस, आणि मी तिच्यासाठी भांडले. तुला साखर होती. तुझ्या डोळ्यांदेखत बापाचा पाय गेला होता. तुला डॉक्टरकडे जायला आणखी काय हवं होतं, आमंत्रणपत्रिका? पाचव्या दिवशी ताप चढल्यावर वहिनींनी तुला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा विष रक्तात पसरलेलं होतं. लाँच सुटून गेलेली, मी पेणवरून वळसा घालून पोहोचले तोवर तुझ्या तोंडात नळी होती. मी तेव्हाही बोलले नाही. जो उलट बोलू शकत नाही त्याच्याशी मी भांडत नाही, असं मनाशी म्हटलं. आता तेच करते आहे.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. ते दोन महिन्यांचं मौन कशावरून होतं आठवतं? एका बाटलीवर माझ्याकडून चुकीचं लेबल लागलं होतं आणि तू माझं सहा महिन्यांचं काम रद्द करायला लावलंस. मी रडले, तुला नको नको ते बोलले. जायच्या वेळी तू टेबलावर चहा ठेवलास आणि म्हणालास, “खोट्या रेघेपरीस कोरा कागद बरा, बाई.” मग बोलणं बंद केलंस, पण ते सहा महिन्यांचं काम माझ्याबरोबर पुन्हा केलंस, रोज, शेवटची लाँच चुकवून, कधी रेवसला मित्राकडे मुक्काम करून. पेपरवर माझं नाव आधी घातलंस. मला निवटी धरायला शिकवलंस, दाबायची नाही, चिखलासकट उचलायची. मला शास्त्रज्ञ कुणी केलं असेल तर तू केलंस. त्याची फेड मी अशी केली, की तू शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुझ्याच वेळी विसरले.

परवा तुझं तेरावं झालं. पानं उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. फ्रिजमधून आलं-लसणाच्या डब्यामागचा स्टीलचा डबा काढला. त्यात तुझ्या कुप्या होत्या, तुझ्या अक्षरात नंबर घातलेल्या. ओटीवर दामूदादा बसले होते. पावसानंतर आगराचा गाळ काढायला उतरले होते, उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात फाटलं होतं, वर फडकं बांधलेलं. साखर त्यांनाही आहे. तुमच्या घरात ती सगळ्यांनाच आहे.

“ताई, ह्याचं रोज किती थेंब लावायचं?” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी उशिरा चालू केलं, म्हनून लागू नाय परलं. दादांना आतापास्नंच लावते.”

मी डबा त्यांच्या हातातून घेतला. माझ्या मनात काय आलं तेही सांगून टाकते, तुझ्यापुढे आता लाज कसली. मनात आलं, की म्हणावं, याची मुदत संपली, आणि डबा घेऊन निघून जावं. दादांना डॉक्टरकडे पाठवावं. काम झालं असतं. तुझी शाल, तुझा बॅनर, तुझा शास्त्रज्ञपणा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि मीही. पण उद्या गावातल्या दुसऱ्या कुणाचा पाय फाटला असता, आणि कुणीतरी माझ्या दारात येऊन म्हटलं असतं, मॅडम, सरांचं औषध ताजं बनवून द्या.

मी खाली बसले आणि सांगितलं. हे औषध खारट जखमेत चालत नाही. चालतं असं आम्हाला वाटलं, कारण आम्ही वापरलेलं मीठ ओलं होतं. दादांनी मान वर केली. बरणी त्यांनीच भरून दिलेली. आसाढात मीठ तोललंत, एवढंच ते म्हणाले. त्यांना पुढचं समजवावं लागलं नाही.

वहिनी उभ्याच होत्या. “हे त्यांना ठाव होतं?”

“नाही.”

“तुमाला?”

“हो. दसऱ्याच्या आधीपासून.”

मी वाट बघत होते की त्या ओरडतील. “मंग सत्काराला येऊन जेवून कशा गेलात?” त्यांनी विचारलं. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. पुरणपोळी दोनदा घेतली होती मी त्या दिवशी.

मग त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, मोरीत जाऊन एकेक कुपी फोडून ओतली आणि पाणी सोडलं. बाहेर येऊन माझ्याशी नाही, दादांशी बोलल्या. उठा दादा, चपला घाला, ताईंची गारी हाय. मी त्यांना नमस्कार केला, तो त्यांनी बघितला नाही. बरं केलं त्यांनी. बघितला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं आणि तेवढीही माझी लायकी नव्हती.

माझ्या गाडीतून दादांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, रक्त तपासलं, इंजेक्शन दिलं, दिवसाआड पट्टीला यायला सांगितलं. वेळेवर आलात म्हणाले, पाय वाचेल. एवढं सोपं होतं, जनू. एका खोलीत, अर्ध्या तासात झालं. तो पेपर मी पाठवणार नाही. प्राचार्य म्हणताहेत, सरांच्या स्मरणार्थ जाऊ द्या. त्याऐवजी आपण कुठे चुकलो ते लिहून पाठवणार आहे, तुझं नाव आधी घालून. चिडायचं तर चीड.

परतताना दादा बराच वेळ पायाच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होते. दोन्ही बाजूंना कंटेनरच्या गाड्या उभ्या होत्या, आम्ही मध्ये अडकलो होतो. ते म्हणाले, “जनूला पन अशी गारीत घालून आनला असतास, तर?”

“वाचला असता, दादा.”

हे मला तुझ्या सख्ख्या भावाला तोंडाने सांगावं लागलं. याबद्दल मी माफ करणार नाही, जनू. तुलाही नाही आणि मलाही नाही.